कौलाचं पत्र वाचणारा

आमच्या घरात कुठलाही मोठा निर्णय घरातल्या माणसाने घेतल्याचं मला आठवत नाही. आम्ही राहायचो लालबागला, चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत, आणि आमचे निर्णय व्हायचे मालवणच्या पलीकडे, गावच्या रवळनाथाच्या देवळात. बाबा लोअर परळच्या एका गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवत. खात्यातल्या त्या कल्लोळात आपल्या साच्याचा आवाज जरा बदलला तर त्यांना पाठमोऱ्यानेही कळायचं. पण माझे टॉन्सिल काढायचे की नाहीत, हे ठरवायला त्यांना देव लागायचा.

पद्धत अशी होती. बाबा सांगत आणि मी पोस्टकार्ड लिहीत असे. कार्ड गावी मोठ्या काकांना मिळे. काका सोमवारी आंघोळ करून देवळात जात आणि गुरवाला आमचा प्रश्न सांगत. गुरव देवाच्या पाषाणावर पाण्यात भिजवलेल्या कळ्या उजव्या आणि डाव्या अंगाला चिकटवी आणि मोठ्याने गाऱ्हाणं घाली, “बा देवा म्हाराजा, मुंबैक ऱ्हवणाऱ्या तुझ्या लेकराचो असो असो इचार आसा, तेचो काय तो निवाडो कर रे म्हाराजा!” भोवतीचे चारजण “होय म्हाराजा” म्हणत. मग सगळे पाषाणाकडे टक लावून बसत. उजवीकडची कळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. हा कौल. काका तो दुसऱ्या कार्डावर लिहून आम्हाला पाठवत.

ते कार्ड आलं की कोणी लगेच वाचायचं नाही, असाही नियम होता. आई ते न बघता देव्हाऱ्यात ठेवी. बाबा पाळीवरून येत, त्यांची आंघोळ होई, निरांजन लागे, आणि मग घरातल्या मुलाने, म्हणजे मी, धुतलेला सदरा घालून ते मोठ्याने वाचायचं. बाबांना सहीपुरतं अक्षर येत होतं, आईला तेवढंही नाही. ताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आणि माझ्याहून कितीतरी चांगलं वाचणारी, पण ती मुलगी. देवाचं पत्र मुलीने वाचू नये हे कुठल्या देवाने सांगितलं होतं मला माहीत नाही. त्या बाबतीत कोणी कौल लावला नव्हता.

बाबा मुंबईला आले ते उजव्या कौलावर. मला जवळच्या मिशनच्या शाळेत फुकट घेत होते, तिथे डावा आला, म्हणून मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत गेलो आणि माझं इंग्रजी कायमचं लंगडं राहिलं. टॉन्सिललाही डावा आला. ते अजून माझ्या घशात आहेत आणि दर थंडीत माझा घसा बसतो.

चौदाव्या वर्षी मी नास्तिक झालो. त्याचं श्रेय आमच्या गल्लीतल्या मोफत वाचनालयाला आणि तिथे संध्याकाळी बसणाऱ्या युनियनच्या एका कार्यकर्त्याला द्यायला हवं. ते आम्हा पोरांना सांगत की देव हा मालकांनी कामगारांच्या डोळ्यांवर बांधलेला पट्टा आहे. मला हे इतकं पटलं की त्याच महिन्यात चाळीच्या सार्वजनिक सत्यनारायणाला मी उभा राहून या विषयावर दहा मिनिटं बोललो. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं, कारण आरतीला अजून वेळ होता. भाषणानंतर मी प्रसादाचा शिरा दोनदा घेतला. शिरा हा श्रमिकांनीच बनवलेला आहे, असं माझं त्यावरचं तात्त्विक स्पष्टीकरण होतं. आणि घरी देवाची पत्रं लिहिण्याचं आणि वाचण्याचं माझं काम चालूच राहिलं. मी फक्त लेखनिक आहे, असं मी स्वतःला सांगत असे.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. सकाळी प्रभातफेरी निघायची, भिंती चुन्याने आणि गेरूने रंगलेल्या असायच्या, मैदानात शाहिरांचा डफ कडाडला की अख्खं गिरणगाव तिकडे लोटायचं. माझ्यासारख्या क्रांतिकारकाला या लढ्यात मोठी कामगिरी मिळेल असं मला वाटत होतं. मिळाली ती खळीचा डबा धरण्याची. दुसरे पोस्टर लावायचे, मी डबा धरायचो. पुढे कधी विषय निघाला की मी “चळवळीत होतो” असं म्हणतो. डबा धरला हे कोणी विचारत नाही, मीही सांगत नाही.

त्याच दिवसांत चाळकऱ्यांनी बाबांना गळ घातली की मुंबईचं काय होणार ते एकदा देवाला विचारा. मी ते कार्ड नाक मुरडत लिहिलं. उत्तर आलं, ‘उजवी दिली. पण कळी पडण्यास फार वेळ लागला.’ चाळीत जल्लोष झाला. मी वाचनालयात जाऊन सांगितलं की हा निव्वळ योगायोग आहे, अजून काही घडलेलंच नाही. पण मनातून मलाही धीर आला होता, ही गोष्ट मी त्या कार्यकर्त्यांपासून लपवून ठेवली.

चळवळीवर गोळीबार झाला त्याच्या पुढच्या वर्षी ताई आणि मी एकदमच मॅट्रिकला बसलो. ती मोठी असून माझ्या बरोबर कशी, तर मधे आईचं आजारपण झालं तेव्हा तिची दोन वर्षं चुलीपुढे गेली होती. परत शाळेत घालायचं की नाही यावर कौल लावला, तो उजवा आला, म्हणून ती परत गेली. गॅलरीत कंदील टांगलेल्या खांबाला टेकून ती अभ्यास करायची. भूमितीची प्रमेयं मला तिनेच समजावली. मी तिला त्याच्या बदल्यात मार्क्सवाद समजावला. निकालाच्या दिवशी पेपर आला तेव्हा तिचा नंबर पहिल्या वर्गात लगेच सापडला. माझा आम्ही पहिल्या वर्गात शोधला, मग दुसऱ्यात, आणि शेवटी बाबा म्हणाले, “खाली बघ, खाली.” तो खाली होता.

आता प्रश्न आला. दोघांना पुढे शिकवणं बाबांना शक्य नव्हतं. एकच जाणार. मी गेलो तर ताई घरी बसणार आणि वर्षा-दोन वर्षांत तिचं लग्न. ती गेली तर मी बाबांच्या ओळखीने गिरणीत बदली कामगार म्हणून लागणार. ताईला शिक्षिका व्हायचं होतं. तिने शाळेतल्या बाईंना विचारून सगळी माहिती काढली होती, कुठलं कॉलेज, त्यानंतर ट्रेनिंगचं कुठलं. तिची एक पांढरी, निळ्या काठाची साडी होती, ती तिने निकालाच्या आधीच धुऊन खळ घालून ठेवली होती. घरात एवढी उघड इच्छा तिने त्याआधी कशाचीही दाखवलेली नव्हती.

चाळीला यात प्रश्नच दिसत नव्हता. मुलगा आहे, मुलगा शिकेल. आईही तेच म्हणाली, “झिलाक धाडा. चेडवाक काय करूचा हा एवढा शिकान?” शेजारच्यांनी तर मला बूट घ्यायला लागतील असंही सांगून टाकलं. बाबांनी सगळ्यांचं ऐकलं आणि म्हणाले, “देवाक दोघांय सारखी. तो सांगात तसा करूया.”

आज मागे बघतो तेव्हा मला कळतं की त्या दिवशी अख्ख्या चाळीत ताईच्या बाजूने कोणी नव्हतं. वाचनालय नव्हतं, युनियन नव्हती, स्त्रीमुक्तीवर तावातावाने बोलणारा तिचा भाऊ तर नव्हताच. एका अडाणी साचेवाल्याची देवावरची श्रद्धा, एवढाच तिचा आधार होता. देव म्हणाला असता तर बाबांनी तिला खरंच पाठवलं असतं, मान खाली घालून मला गिरणीच्या दारात उभं केलं असतं आणि त्यावर पुन्हा कधी बोलले नसते.

कार्ड मीच लिहिलं, पुढे कोणी शिकावं, थोरलीने की झिलाने? ताई शेजारी बसली होती. तिने ते दोनदा वाचून घेतलं, पत्ता तपासला, आणि स्वतः पेटीत टाकायला गेली. कार्ड गेल्यावर येणारा पहिला सोमवार तिने निर्जळी केला. मी तिला म्हणालो, फुलाच्या कळीला तुझे मार्क माहीत नसतात, ती ओली असते म्हणून चिकटते आणि सुकली की पडते. ती म्हणाली, “सुकू दे की. सुकली तरी कुठल्या तरी बाजूला पडेलच ना?”

मला गिरणीची भीती वाटत होती, हे आता सांगून टाकायला हवं. कामगारांच्या राज्यासाठी मी जीव द्यायला तयार होतो, पण कामगार व्हायला नव्हतो. एकदा बाबांचा डबा द्यायला खात्यात आत गेलो होतो. कापसाचे तंतू नाकात गेले, आवाजाने छातीत धडधडलं, आणि बाहेर आल्यावर अर्धा तास मला नीट ऐकू येत नव्हतं. बाबा तिथे रोज आठ तास उभे राहत. ती गोष्ट मी मोर्चात अभिमानाने सांगत असे, घरी मात्र मनातून बाजूला सारत असे.

कोकणची बोट पावसाळ्यासाठी बंद झाली होती, टपाल रस्त्याने फिरत येत होतं, त्यामुळे उत्तराला चांगले पंधरा दिवस लागले. एका दुपारी मी खळीचे हात घेऊन घरी आलो तर आई म्हणाली, कार्ड इला हा. देव्हाऱ्यात ते पालथं ठेवलेलं होतं. बाबा आले, आंघोळ झाली, निरांजन लागलं. मी सदरा बदलला आणि कार्ड हातात घेतलं.

काकांचं अक्षर मोठं आणि वाकडं होतं. चार ओळी. पाऊस कमी, गाय व्याली, सर्व खुशाल. मग, ‘थोरलीस उजवी दिली. झिलास डावी दिली. देवाची आज्ञा.’

मी पाऊस वाचला. गाय वाचली. सर्व खुशाल वाचलं. मग मी म्हणालो, “झिलास उजवी दिली. थोरलीस डावी दिली. देवाची आज्ञा.”

आवाज अजिबात हलला नाही. दोन शब्दांची जागा बदलायला काहीच वेळ लागत नाही. मला तर पुढचा आठवडाभर वाटत राहिलं की मी काही वाईट केलेलं नाही, उलट एका अंधश्रद्धेचा पराभव केला आहे. कळीच्या पडण्यावर दोन आयुष्यं ठरवणं अशास्त्रीय होतं, मी त्यात विवेकबुद्धी आणली, असा माझा युक्तिवाद होता. ती विवेकबुद्धी नेमकी मलाच कॉलेजात पाठवत होती, हा निव्वळ योगायोग.

बाबांनी जमिनीला डोकं टेकलं. आईने माझ्या तोंडात साखर घातली. ताई त्या वेळी कुठे होती, मला आठवत नाही. म्हणजे मी तिच्याकडे पाहिलंच नाही.

कौलाचं कार्ड निर्माल्याबरोबर समुद्रात सोडायचं असे. एरवी ते काम बाबा रविवारी करत. मी म्हणालो, आत्ताच मी जातो. आईला भरून आलं, पोराला देव आठवला म्हणाली. मी दादरच्या चौपाटीवर गेलो. कार्ड फाडून टाकावं असं मनात होतं, पण देवाचं पत्र फाडायला माझा हात धजेना. मी, सत्यनारायणापुढे दहा मिनिटं बोललेला माणूस. निर्माल्याच्या पुडीत घालून ते पाण्यात सोडलं, तर भरतीच्या लाटेने परत आणून पायाशी टाकलं. पुन्हा सोडलं, पुन्हा आलं. शेवटी मी ते एका दगडाखाली दाबलं, त्या दगडाला नमस्कार केला, आणि इकडेतिकडे कोणी वाचनालयातलं दिसत नाही ना ते पाहिलं.

शाळेतला माझा एक दोस्त समोरच्या चाळीत राहायचा. त्यांच्या घरी आदल्या वर्षी सगळ्यांनी धम्मदीक्षा घेतली होती, देव्हारा काढला होता, आणि त्या कोनाड्यात आता पोरांची पुस्तकं होती. त्याच्या वडिलांनी घरातल्या सगळ्यांना, पोरीबाळींसकट, एकच सांगितलं होतं की जेवढं शिकता येईल तेवढं शिका, विचारायचं कोणाला नाही. मी कॉलेजला जाणार हे ऐकून त्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि लगेच विचारलं, “आणि ताई रे? ती तर हुशार.”

अख्ख्या गिरणगावात हा प्रश्न विचारणारा तो एकटा निघाला. मी म्हणालो, “तिच्या नशिबात नव्हतं.” “नशीब?” तो म्हणाला. “तू कधीपासून नशीब मानायला लागलास?”

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण ती माझी शोभा करणारी आहे. मी सायन्सला नाव घातलं. पहिल्या दिवसापासून माझ्या मनात एक भीती बसली की देव आता माझा हिशेब करणार. नसलेल्या देवाला मी इतका घाबरत होतो की असलेल्याला बाबाही घाबरले नसतील. प्रॅक्टिकलला काचेची नळी फुटली, मला वाटलं, सुरुवात झाली. परीक्षेच्या आधी मी गुपचूप नारळ कबूल केला. पहिलं वर्ष कसंबसं निघालं, तेव्हा नारळ द्यायचा राहिला, कारण पास झाल्यावर मी परत नास्तिक झालो होतो. इंटरला मी नापास झालो. पुन्हा बसलो, पुन्हा नापास झालो. तेव्हा बाबांनी परत कार्ड लिहायला लावलं, झिलाने तिसऱ्यांदा बसावं काय? उत्तर डावं आलं. ते मी जसंच्या तसं वाचलं. त्याहून प्रामाणिकपणे मी आयुष्यात काही वाचलं नसेल.

मग बाबांच्या एका गाववाल्याने मला रे रोडच्या लाकडाच्या वखारीत कारकून म्हणून चिकटवलं. आलेले ओंडके मोजायचे, त्यांवर खडूने खूण करायची, पावती फाडायची. पस्तीस वर्षं मी ओंडके मोजले. ज्या कामासाठी सातवी पुरेशी होती, त्यासाठी मी एक कॉलेज आणि एक बहीण वाया घालवली. गावच्या पाषाणाला माझं भवितव्य अगदी बरोबर दिसलं होतं. एखाद्या नास्तिकाला याहून अपमानाची गोष्ट कोणती असेल?

ताई मात्र त्या दुपारनंतर एकदम शांत झाली. रडली नाही, भांडली नाही. निळ्या काठाची साडी तिने आईला दिली. शिक्षिका व्हायचं नाव पुन्हा काढलं नाही, कोणी काढलं तर उठून जायची. मला वाटलं, तिने मोठ्या मनाने माझ्यासाठी जागा सोडली. मी तसं लोकांना सांगायचोही. मुंबईसकट महाराष्ट्र झाला त्या वर्षी तिचं लग्न झालं, अर्थात उजव्या कौलावर. भाऊजी गिरगावात एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे, स्वभावाने सरळ, आणि ठाकूरद्वारच्या एका वाडीत त्यांची खोली होती. दोन मुली झाल्या. बाबा निवृत्त होऊन गावी गेले, आधी ते आणि मग आई, दोघंही तिकडेच वारली. त्यांना मी कधी काही सांगितलं नाही.

ताईला सांगितलं, तेही चांगल्या कारणाने नाही. मी निवृत्त झालो होतो आणि दादरच्या आमच्या ज्येष्ठांच्या मंडळात आठवणी लिहायची टूम निघाली होती. मलाही लिहायच्या होत्या. आठवणींत एखादा कबुलीजबाब असला की लिखाणाला वजन येतं, असं मला वाटलं. पण छापण्याआधी ताईची परवानगी घ्यायला हवी. म्हणून मी एका दुपारी ठाकूरद्वारला गेलो. जाताना मनात सगळं बोलणं जुळवून ठेवलं होतं. त्यात काळ, परिस्थिती, अंधश्रद्धा असे शब्द होते. ती रडेल, मग क्षमा करेल, आणि तो प्रसंग शेवटच्या प्रकरणात घालता येईल, इथपर्यंत माझी तयारी होती.

भाऊजी बाहेर गेले होते. ताई जमिनीवर बसून मोड आलेले वाल सोलत होती. मी समोर बसलो आणि जुळवलेलं काहीच आठवेना. मी एवढंच म्हणालो, “ताई, मॅट्रिकनंतरचा तो कौल मी उलटा वाचला होता. तुला उजवी होती.”

तिचे हात थांबले.

“परत सांग,” ती म्हणाली.

मी परत सांगितलं. तिने ओले हात पदराला पुसले. मला वाटलं, आता रडेल.

“ते कार्ड त्या दिवशी माझ्याच हातात आलं होतं,” ती म्हणाली. “मी बाहेरची होते. तुला कुठलं आठवणार! गॅलरीत गोणपाटावर बसले होते, कोणाला शिवायचं नाही, कशाला हात लावायचा नाही. पोस्टमन नवा होता, त्याने कार्ड सरळ माझ्या हातात दिलं. खाली ठेव म्हणायला हवं होतं मी. पण किती दिवस वाट बघत होते रे. घेतलं आणि वाचलं.”

“काय होतं?” मी विचारलं. काय होतं ते माझ्याइतकं कोणाला माहीत होतं?

“थोरलीस उजवी. मी दोनदा वाचलं. मग घाबरून दारातून आत सरकवलं आणि आईला सांगितलं, पोस्टमनने टाकलं म्हणून. दुपारी तू वाचलंस तेव्हा मी दाराबाहेरच होते. तू म्हणालास, थोरलीस डावी. मला वाटलं, मी तसल्या हाताने देवाच्या पत्राला शिवले, म्हणून देवाने उत्तर फिरवलं.”

मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण ती माझं ऐकत नव्हती.

“चौथ्या दिवशी न्हाऊन आत आले, आधी देव्हारा बघितला. कार्ड नव्हतं. आई म्हणाली, तू समुद्रावर सोडलंस. म्हटलं, संपलं. देवाने दिलेलं मीच विटाळलं, आता बाबांकडे कुठल्या तोंडाने मागू? कोणाला सांगितलं नाही. यांनाही नाही.” मग तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. तिची साठी उलटून गेली होती, आणि ती मला एखाद्या शाळकरी मुलीसारखं विचारत होती. “म्हणजे मी शिवले म्हणून नव्हतं ते?”

“नाही, ताई. तू काहीच केलं नव्हतंस. मी खोटं वाचलं. मला गिरणीत जायचं नव्हतं.”

ती रडली नाही, आणि तिने मला क्षमाही केली नाही. तिने एक वाल उचलला, सोलायला घेतला, आणि तो तसाच हातात धरून बसली.

“दोघी पोरींना मी बाहेर बसवलं रे,” ती म्हणाली. “वाडीत कोणी पाळत नव्हतं, हेही नको म्हणायचे, तरी बसवलं. माझ्यासारखं त्यांचं होऊ नये म्हणून. धाकटीला तर मॅट्रिकच्या पेपराच्या आदल्या दिवशी पुस्तकाला हात लावू दिला नाही मी. ती रडत होती, आणि मी पुस्तकं उचलून माळ्यावर टाकली.”